शून्य आणि पाचाची माणसं

नागपूरहून परत आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. संत्री किती आणलीत आणि तिकडची भाषा कळली का? संत्री करंडीभर आणली होती. निम्मी वाटेत संपली, उरलेल्यांतली बरीच दाबली गेली. भाषा कळली, पण जरा उशिरा. पंधरा दिवस तुम्ही तिकडे केलंत काय, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितो आहे.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात गणित आणि संख्याशास्त्र शिकवतो. अकरा वर्षं झाली. माझं अक्षर सुरेख आहे, हे मी नव्हे, सगळेच म्हणतात. मी फळ्यावर सिद्धता मांडली की शिपाईसुद्धा ती पुसायला कचरतो. निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, तीत वर्षभराचे सगळे तास लिहून ठेवलेले आहेत. मी ती वाचतो, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तेच मला परत करतात आणि मी बरोबरच्या खुणा करत जातो. हा गाडा अकरा वर्षं कुरकुर न करता चालला होता.

यंदा विद्यापीठानं अभ्यासक्रमात एक नवं कलम घातलं. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावातल्या शंभर माणसांची वयं विचारायची, त्यांचा तक्ता करायचा, सरासरी काढायची, वही करायची. माझ्या वर्गात बत्तीस मुलं. एकतीस वह्या अशा देखण्या आल्या की बघत राहावं. थोडी लहान, थोडी म्हातारी, मधे सगळ्यांत जास्त, पुस्तकातल्या आकृतीसारखं सगळं चढतं नि उतरतं. बत्तिसावी वही शालन कुंभारची. तिच्या तक्त्यात चाळिशीला ढीग, पंचेचाळिशीला ढीग, पन्नासला ढीग, साठला तर डोंगर. एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस वर्षांचं माणूस औषधालासुद्धा नाही.

"शालन, तुमच्या गल्लीत माणसं पाचाच्या पाढ्यानं जन्माला येतात का गं?" मी भर वर्गात विचारलं. वर्ग हसला. मीही हसलो.

"सर, मी विचारलं तेच लिहिलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी तिच्या वहीवर तांबड्या शाईत 'आकडे बनावट' असं लिहिलं आणि सही केली नाही. वहीवर सही नसेल तर प्रात्यक्षिकाला बसता येत नाही आणि मग परीक्षेचा फॉर्मच पुढे जात नाही. तिचे वडील प्राचार्यांना भेटून गेले. वर्ष बुडालं तर फी-माफी बंद होईल आणि मग पोरीचं कॉलेजही, एवढंच सांगून गेले म्हणे. प्राचार्यांनी मला बोलावलं. "पाटणकर, तुम्ही सुट्टीत नागपूरला शिक्षकांच्या शिबिराला निघालाच आहात. वही बरोबर न्या, शांतपणे बघा. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मला लेखी द्या, सही करता की नाही ते. फॉर्म त्याच दिवशी जातात."

मी वही ट्रंकेत टाकली. तीत बघण्यासारखं काही उरलंय असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर ती मी दुसऱ्याच हेतूनं नेली. मुलं कशी लबाडी करतात याचा नमुना म्हणून शिबिरात दाखवता येईल, असा माझा बेत होता.

सीताबर्डी

भाऊबीज आटपून निघालो आणि पोचलो तेव्हा सकाळची बारीक थंडी होती. आमच्याकडे या दिवसांत अंगावर शाल लागत नाही. इथे सायकलरिक्षावाल्यानं कानाला फडकं गुंडाळलं होतं. "कुठं जाऊन राहिले साहेब?" त्यानं विचारलं. मी कॉलेजच्या वसतिगृहाचं नाव सांगितलं, आणि रस्ताभर तो मला शहराची माहिती देत राहिला, निम्मी हिंदीत, निम्मी मराठीत, आणि त्यातली कुठली कुठं संपते ते त्यालाही सांगता आलं नसतं. रस्ते मात्र रुंद. आमच्या पेठेत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की गाव थांबतं. इथे माणसं मोकळीढाकळी चालतात आणि बोलतातही तशीच.

न्याहारीला पोहे आले. पोहे म्हणजे वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, अशी माझी समजूत. इथे त्यावर हरभऱ्याचा तांबडा रस्सा ओतला होता. तर्री म्हणतात. पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, आणि चौथ्या दिवसापासून मी तर्री मागून घ्यायला लागलो.

ठसका लागला तेव्हा पाणी पुढे करणारा तरुण म्हणजे गजभिये. नागपूरच्याच एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा, नंदनवन भागात खोली घेऊन राहणारा, तिथून रोज सायकल मारत येणारा. बोलायला कमी. संध्याकाळी मला सीताबर्डीवर घेऊन गेला, मफलर घ्यायला. तिथली गर्दी, कापडाची दुकानं आणि दुकानदारांचा आग्रह बघून मी एकाऐवजी दोन मफलर घेतले आणि परत येताना त्यातला एक रिक्षात विसरलो. दुसऱ्या दिवशी तोच रिक्षावाला वसतिगृहाच्या फाटकाशी मफलर गळ्यात घालून उभा होता. "थंडी होती साहेब, म्हणून घातला. घ्या तुमचा," म्हणाला. मी तो त्यालाच राहू दिला.

शिबिर चालवणारे वैरागडे सर निवृत्तीला आलेले, बुटके, खादीचा बुशशर्ट, खिशात खडूचे तुकडे. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हां अठ्ठावीस प्राध्यापकांपैकी कोणाचीही एक वही मागितली. मी मोठ्या हौसेनं माझी निळी वही पुढे केली. त्यांनी मधलं एक पान उघडलं.

"गव्हाच्या साठ वाफ्यांचं पीक. सरासरी काढा." त्यांनी वाचलं. "छान. हा गहू कुठचा जी?"

"म्हणजे?"

"कोणत्या गावचा? कोनी मोजला?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या गुरूंनी तो गहू मला लिहून दिला होता, त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला असणार. गेली अकरा वर्षं दर जुलैत मी तो पेरत होतो आणि दर मार्चात कापत होतो.

"तुमच्यापैकी किती जणांनी एक तरी आकडा सोता जाऊन आणला आहे?" सरांनी सगळ्यांना विचारलं. हात वर आला तो एकट्या गजभियेचा. बाकीचे आम्ही पंख्याकडे बघत होतो, आणि पंखा तर बंद होता.

मला राग आला. पोरकट प्रश्न वाटला. आपण गणिताची माणसं, गहू मोजायला शेतकी खातं आहे. तिसऱ्या दिवशी 'वर्गातल्या अडचणी' या विषयावर बोलायची पाळी आली तेव्हा मी ट्रंकेतून शालनची वही काढली आणि तक्ता सगळ्यांना दाखवला. पाचाच्या पाढ्याचा विनोद पुन्हा केला. तो इथेही चालला. पुण्या-मुंबईकडचे, मराठवाड्याकडचे, सगळे मनापासून हसले.

दोघं हसले नाहीत. गजभियेनं वही मागून घेतली आणि पानं उलटत राहिला. "सर, हा शेवटचा रकाना वाचला का तुम्ही?"

"टिपा आहेत काहीतरी. भरताड."

वैरागडे सर चष्मा पुसत होते. "तिच्या गल्लीत तुम्ही गेले होते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण एक करू. उद्या समदे जण जोडीजोडीनं बाहेर जा. पन्नास मानसांची वयं विचारून आना. पाटणकर, तुम्ही गजभियेसंगं खाप्याले जा. अन् ही वही संग ठेवा."

खापा

खापा हे सावनेरकडचं नगरपालिकेचं छोटं गाव, कन्हान नदीच्या काठचं. गजभियेचं जन्मगाव. बस वाटेत दोनदा थांबली. एकदा म्हशींसाठी, एकदा ड्रायव्हरच्या चहासाठी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. आमच्याकडे या दिवसांत उसाला पाणी देण्याची धांदल असते. इथे बायका ओटीत कापूस वेचत होत्या आणि वेचता वेचता बसकडे बघून हसत होत्या.

गावात शिरलो तर पहिल्याच गल्लीत मागाचा खटका ऐकू आला. विणकरांची वस्ती. घरोघरी माग, ओट्यावर सुताच्या लडी वाळत घातलेल्या. मी नवी कोरी वही काढली, रेघा मारल्या, पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या घरात मागावर बसलेल्या गृहस्थांना विचारलं, "आपलं वय काय?"

"लिहा चाळीस."

"नक्की?"

"आता नक्की काहून पाह्यजे?" धोट्यावरचा हात न थांबवता ते म्हणाले. "लगन लावून राहिले का माझं?"

शेजारच्या चार घरांतून हसू आलं. शालनच्या वर्गातलं हसू मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मी नुसता तांबडा झालो.

पुढच्या ओट्यावर एक बाई सुताच्या कांड्या भरत होती. "पंचेचाळीस लिहा. नाही त पन्नास लिहा. तुमाले जे सोपं पडन ते."

त्याच्या पुढच्या घरी एक म्हातारे. "साठ. मागच्या खेपी सरकारी मानूस आलता, त्यालेबी साठच सांगितले. त्याच्याच वहीत पाहून घ्या ना."

एका घरी नवऱ्यानं बायकोचं वय पस्तीस सांगितलं आणि बायकोनं आतून ओरडून तीस. दोघांची जुंपली. एकानं तर मलाच विचारलं, "तुमीच पाहा बरं माझ्याकडं. किती दिसून राहिले?" मी पन्नास म्हणालो. "झालं त मग!" तो म्हणाला.

ऊन वर आलं. एकतीस माणसं झाली होती आणि माझा रकाना भयंकर दिसत होता. चाळीस, पन्नास, चाळीस, साठ, पंचेचाळीस, चाळीस. सुरेख अक्षरात लिहिलेले ओंगळ आकडे. अशा तक्त्याची आकृती काढली तर करवतीसारखी दिसेल, हे मला न काढताच दिसत होतं. मी दमलो होतो, तहान लागली होती. आणि माझा हात, कसं सांगू, आपणहून चालायला लागला. एक बाई चाळीस म्हणाली, मी बेचाळीस लिहिलं. एक माणूस पंचेचाळीस म्हणाला, मी सत्तेचाळीस लिहिलं. पन्नासाचे एक्कावन्न झाले. रकाना जरा बरा दिसू लागला, आणि तो बरा दिसला म्हणून मला बरं वाटू लागलं.

सात माणसांपर्यंत हे चाललं.

"सर," गजभिये हळूच म्हणाला, "त्या बाई चाळीस म्हणाल्या होत्या."

"हो."

"तुम्ही बेचाळीस लिहिलं."

"चेहऱ्यावरून तेवढ्या वाटत होत्या," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो. ट्रंकेतून काढून खांद्यावरच्या पिशवीत ठेवलेली शालनची वही, आणि तिच्यावर माझ्याच वळणदार अक्षरातले ते दोन तांबडे शब्द. शालननं जे केलं नव्हतं ते मी भरदुपारी, साक्षीदारासमोर करत होतो. मला लाज वाटली. अशी लाज की पेन्सिल खिशात ठेवावी आणि बसचा रस्ता धरावा.

"माय वाट पाहून राहिली असन," गजभिये म्हणाला. "चला, जेवून घेऊ."

त्याची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत राहते. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, भिंतीवर मुलाच्या पदवीचा फोटो. कापूस वेचायची मजुरी अर्धा दिवस सोडून ती आमच्यासाठी घरी थांबली होती. पाटवडीचा रस्सा केला होता. आमच्याकडे पाटवडी म्हणजे खोबरं-कोथिंबीर भुरभुरलेली कोरडी वडी, पाहुण्याला दोन. इथे ती तिखट रश्श्यात पोहत होती आणि माझ्या ताटातली संपायच्या आत दुसरी येत होती.

जेवताना मी वही बाजूला ठेवली होती. त्या माउलीनंच विचारलं, "माझं नाव नाही का लिहायचं?"

"सांगा, वय किती?"

"पन्नास लिहा."

"मागच्या साली तू पंचेचाळीस म्हणत होती वं माय," गजभिये म्हणाला.

"तवा पंचेचाळीस होती. आता पन्नास झाली." ती हसली, मग चुलीशी बसलेल्या मुलीकडे हात करून म्हणाली, "पन या सुमनचं पक्कं सांगते. ही दीक्षेच्या सालची. आमी समदे पांढरं नेसून नागपूरले गेलतो, तवा ही पोटात होती. सातवा महिना. येत्या पूस महिन्यात अठरा पुरे होतात."

मी लिहिलं, अठरा. त्या दिवसाच्या सगळ्या रकान्यात एवढा एकच आकडा असा होता की सांगणाऱ्याच्या आवाजात शंका नव्हती.

"आणि याचं?" मी गजभियेकडे बोट केलं.

"माझा जन्म एक जुलै," तो म्हणाला. "आमच्या वर्गात बावीस पोरांचा एक जुलै. मास्तरांनी शाळेत घेताना लावून दिला."

"पण सुमनचं माहीत आहे, मग याचं का नाही?" मी आईलाच विचारलं.

ती वाटीत रस्सा वाढत होती. "त्याच्या आंधी आमाले कोन मोजत होतं साहेब?" ती म्हणाली. सुरात कडवटपणा नव्हता. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं सांगितलं आणि भाकरी पुढे केली.

माझी पत्रिका आहे. माझ्या जन्माच्या वेळी आमचे आजोबा घड्याळ हातात धरून ओसरीवर बसले होते, असं घरात कौतुकानं सांगतात. त्यामुळे माझं वय मला घटका-पळांसकट ठाऊक आहे आणि ते सगळ्यांनाच असतं, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो. कोणाला आपलं वय माहीत असतं आणि कोणाला नसतं, हाच त्या तक्त्यातला मोठा आकडा होता. तो काढायला माझ्या निळ्या वहीत सूत्र नव्हतं.

जेवून उठलो आणि सकाळच्या गल्लीत परत गेलो. सातही घरी. "तुमचं वय मी चुकीचं लिहिलं, परत सांगा." चाळीस सांगणारी ती बाई म्हणाली, "बाप्पा! एवढ्यासाठी परत आले?" मी बेचाळीसवर काट मारून चाळीस लिहिलं, सत्तेचाळीसवर काट मारून पंचेचाळीस. खोडरबर होता, तो वापरला नाही. मग उरलेली माणसं विचारून पन्नास पुरी केली.

परतीच्या बसला अवकाश होता. कन्हानच्या काठावर एका दगडावर बसून मी शालनची वही उघडली आणि शेवटचा रकाना पहिल्यांदा वाचला. बारीक, वाकड्या अक्षरात, प्रत्येक वयासमोर एक ओळ होती.

'पन्नास. पुराच्या साली सासरी आल्या. पूर कोणता ते आठवत नाही.'

'तीस. भूकंपाच्या वर्षी धाकटा चालायला लागला.'

'चाळीस. नवरा म्हणतो पंचेचाळीस. भांडण झालं. दोन्ही लिहिली.'

'साठ. म्हणाल्या, साठ लिही, त्याच्या पुढं आम्ही मोजत नाही.'

अशा शंभर ओळी. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, समासाच्या बाहेर: 'शून्य आणि पाच जास्त आले आहेत. असं का होतं ते सरांना विचारायचं.'

ती विचारणार होती. विचारायच्या आत मीच तिला विचारलं होतं, पाचाच्या पाढ्याचं.

गजभिये शेजारी संत्रं सोलत होता. त्यानं अर्धं माझ्या हातावर ठेवलं. ते खाताना मला रडू आलं हे त्यानं पाहिलं असावं, पण तो नदीकडेच बघत राहिला.

फळा

दुसऱ्या दिवशी चौदा जोड्यांनी चौदा तक्ते फळ्यावर मांडले. तेरा तक्ते करवतीसारखे. चाळिशीचा दात, पन्नाशीचा दात, साठीचा सगळ्यांत मोठा. चौदावा मात्र घंटेसारखा, गुळगुळीत. ती जोडी आदल्या दिवशी दुपारच्या खेळाला सीताबर्डीच्या थिएटरात दिसली होती, असं कुणीतरी कुजबुजलं. वैरागडे सर त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "ही मानसं कुठं राहून राहिली जी?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "मले एकदा भेटायचं आहे त्यांले. समद्यांजवळ जन्माचे दाखले दिसतात."

सगळे हसले. मी उठलो. मला उठायचं नव्हतं, पण बसूनही राहवत नव्हतं. माझ्या तक्त्यातले सात खोडलेले आकडे दाखवले, ते कसे आले ते सांगितलं आणि परवा मी इथे ज्या मुलीवर सगळ्यांना हसवलं ती खरी होती, हेही सांगितलं. माझ्या वर्गातल्या त्या एकतीस देखण्या वह्यांचंही सांगितलं.

सरांनी शाबासकी दिली नाही, बोलही लावला नाही. सरळ खडू घेतला आणि खाप्याच्या तक्त्यावर तास सुरू केला. दहा-दहा वर्षांचे गट पाडताना चाळीसचा ढीग गटाच्या कडेला ठेवला तर काय होतं आणि मधोमध ठेवला तर काय होतं. सरासरी किती हलते. मधल्या माणसाचं वय किती हलतं. तेच धडे, जे मी वर्षानुवर्षं सांगतो. पण या वेळी प्रत्येक आकड्याला तोंड होतं. कांड्या भरणारी बाई एका गटातून दुसऱ्या गटात गेली की मला ती ओट्यावरून उठून जाताना दिसायची. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझा विषय आवडला, आणि याचं जेवढं नवल वाटलं तेवढंच वाईटही.

निघायच्या दिवशी मी सरांना विचारलं, "शालनला गुण किती देऊ?"

"गुन नंतर द्या," ते म्हणाले. "आधी तिच्या गल्लीत जाऊन या."

परत

रविवारी पोचलो आणि ट्रंक घरात टाकून कुंभारगल्लीत गेलो. माझ्या घरापासून चालत सहा मिनिटं. या सहा मिनिटांसाठी मला सगळा महाराष्ट्र ओलांडून जावं लागलं. शालन घरी नव्हती, माती आणायला गेली होती. दारात एक म्हातारी पणत्यांचं उरलेलं सामान आवरत होती. मी वय विचारलं.

"साठ लिव," ती म्हणाली. "आन् माझं तर त्या पोरीनं लिवलंय की. तू परत कशापायी इचारतोस?"

सोमवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आत प्राचार्यांच्या टेबलावर माझा कागद होता: वही खरी आहे, माझा शेरा चुकीचा होता, सही केली आहे. फॉर्म दुपारच्या टपालानं गेला. पण चूक मी बंद खोलीत केली नव्हती. म्हणून पहिल्या तासाला वर्गात गेलो तो निळी वही न घेता. फळ्याच्या एका बाजूला शालनचा तक्ता मांडला, दुसऱ्या बाजूला खाप्याचा.

"यांतला बनावट कोणता?" मी विचारलं.

"दोन्ही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"एकही नाही. शालन, मी तुला वर्गात हसलो ते चुकलं. तू विचारलंस तेच लिहिलंस. असं का होतं ते तुला मला विचारायचं होतं. मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता आपण सगळे मिळून शोधू." एकतीस वह्या मी टेबलावरून परत दिल्या. कोणाला काही विचारलं नाही. कोणी माझ्या डोळ्यांत बघितलंही नाही.

शालन पहिल्याच बाकावर होती, उभी राहिली. हसली नव्हती, रडलीही नव्हती. ती फळ्याकडे नाही, टेबलावर उघड्या पडलेल्या माझ्या खाप्याच्या वहीकडे बघत होती.

"सर, हे सात आकडे का खोडलेत?"

"ते मी मनानं लिहिले होते. रकाना चांगला दिसावा म्हणून. मग परत जाऊन विचारले."

तिनं थोडा विचार केला.

"मग या वहीवर सही कोण करणार?"

मी वही उचलून तिच्या बाकावर नेऊन ठेवली आणि वर माझं पेन ठेवलं, निळ्या शाईचं. ती खाली बसली. पन्नासच्या पन्नास ओळींवरून बोट फिरवत, ओठ हलवत ती बेरीज करत गेली, आणि सगळा वर्ग तिच्या बोटाकडे बघत थांबला.

"सर," ती म्हणाली, "बेरीज दोननं चुकली आहे."

मी पुन्हा केली. चुकलीच होती.